ताई, 'सर्वानुमते' हा शब्द खोडल्याबद्दल

प्रिय ताई,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. क्लबमध्ये कुणी तुमचं कौतुक करायला लागलं की तुम्ही दुर्बिणीला डोळा लावता आणि समोरचा माणूस कंटाळून जाईपर्यंत काढत नाही, हे मी अकरा वर्षं पाहतोय. पण तुम्ही जे केलंत ते चारचौघांत केलंत, मग त्याचे आभार कोपऱ्यात गाठून कसे मानू? कोपऱ्यात गाठून माझी बाजू घेणारे मला भरपूर भेटले. त्यांचाही विषय येईलच.

आमच्याबाहेरचं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोन शब्द. आमचा हौशी आकाशनिरीक्षकांचा क्लब आहे. कार्यकारिणी सात जणांची, सगळे बिनपगारी. जिथे पैसा नाही तिथे भांडण कशाला होईल, असं मलाही वाटायचं. पण पगार नसला की मान हाच पगार होतो, आणि त्यात कुणाला वाटेकरी नको असतो. आमच्या अध्यक्षांचं म्हणणं, क्लबची दहा इंची दुर्बीण लहान मुलांना चंद्र आणि शनी दाखवायला वापरावी. उपाध्यक्षांचं म्हणणं, ती गंभीर निरीक्षणासाठी राखून ठेवावी. दोघांचंही बरोबर होतं आणि याचा निवाडा चंद्रानं कधीच करून ठेवलेला आहे: शुक्ल पक्षात मुलांना चंद्र दाखवा, अमावास्येच्या आसपास अंधुक दीर्घिका शोधत बसा. महिना आपोआप वाटला जातो. पण इतका सोपा तोडगा कुणालाच नको होता, कारण भांडण दुर्बिणीचं नव्हतंच. खुर्चीचं होतं.

मी सचिव. दुर्बिणीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. दोन्ही बाजूंना मी दुसऱ्या बाजूचा वाटायचो.

मग तो ओरखडा निघाला. मुख्य आरशावर, कडेच्या जवळ, जेमतेम पाच सेंटिमीटरचा. कुणीतरी कोरड्या फडक्यानं धूळ पुसली होती. दुर्बिणीच्या आरशाचा चकचकीत थर काचेच्या मागे नसतो, पुढे असतो. तो ॲल्युमिनियमचा थर सुमारे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ. त्यावर कोरडं फडकं फिरवलं की धुळीचा कणच पटाशीचं काम करतो. हे नवख्यालाही पहिल्या महिन्यात सांगतात. कुणी पुसलं ते आजही कळलेलं नाही. मी नव्हतो, इतकंच मला ठाऊक आहे.

विजेरी तिरपी धरून त्या ओरखड्याचा फोटो काढला गेला आणि रातोरात सगळ्यांच्या फोनवर पोचला. तिरप्या उजेडात कुठलाही आरसा भीषण दिसतो, अगदी कारखान्यातून आलेला नवासुद्धा. मी नंतर हिशेब मांडला. ओरखड्यानं व्यापलेली जागा आरशाच्या क्षेत्रफळाच्या ०.०२ टक्के. दहा इंची दुर्बिणीत समोर बसवलेला अडीच इंची दुय्यम आरसा सहा टक्क्यांहून जास्त उजेड अडवतो, त्याच्याविरुद्ध अजून ठराव झालेला नाही. आभाळाच्या दृष्टीनं तो ओरखडा नव्हताच म्हणा ना. आमच्या दृष्टीनं मात्र क्लबची दोन शकलं करायला तेवढा पुरला.

त्या सभेला मी नव्हतो. घरात आजारपण होतं, तसं कळवलंही होतं. इतिवृत्तात मात्र एवढंच आलं: "सचिवांच्या हलगर्जीपणामुळे मुख्य आरशाचे नुकसान झाले असून त्यांच्याकडील किल्ली काढून घेण्यात यावी, असा ठराव सर्वानुमते संमत झाला."

खरं सांगतो, 'हलगर्जीपणा' मी गिळला. माणूस चिडला की बोलतो. 'किल्ली काढून घेण्यात यावी' हेही गिळलं, तेवढीच झोप मिळेल. घशात अडकला तो 'सर्वानुमते'. रात्री झोपताना मी एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणायचो. ज्यांच्याबरोबर थंडीत कुडकुडत उल्का मोजल्या, ज्यांच्या गाडीत माझं सामान आणि माझ्या गाडीत ज्यांची मुलं असायची, त्या सगळ्यांचे हात वर गेले? सगळ्यांचे? आणि ताई, त्या यादीत तुमचाही चेहरा होता. हे आज लिहिलंच पाहिजे. महिनाभर मी तुमच्यावरही मनातल्या मनात रागावलेलो होतो.

त्या महिन्यात मला सहानुभूती कमी पडली नाही. एकानं फोन करून सांगितलं, "मी तुझ्याच बाजूचा आहे, फक्त उघड बोलता येत नाही, समजून घे." दुसऱ्यानं जोडलेल्या हातांची तीन चित्रं पाठवली, कशासाठी हात जोडले ते मी अजून शोधतोय. ज्यांनी मला ध्रुवताऱ्याकडे रोख धरून दुर्बिणीची मांडणी शिकवली, ज्यांना मी गुरू मानतो, ते म्हणाले, "टाळी एका हातानं वाजत नाही." ही म्हण म्हणणाऱ्याचे स्वतःचे दोन्ही हात बहुतेक वेळा खिशात असतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. विरोधकांचा मला फारसा राग नाही. ते निदान समोर उभे होते. पण खासगीत खांद्यावर हात ठेवून सभेत त्याच हातानं फोन चाळत बसणाऱ्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग पुढची सभा. मी दाराजवळच्या खुर्चीवर, खिशात राजीनामा. वही सहसचिवाच्या हातात. पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय कुणी ऐकत नाही. लोक तेव्हा खुर्च्या सरकवतात, पंखा कमी-जास्त करतात. वाचन संपलं आणि अध्यक्ष सवयीनं म्हणाले, "दुरुस्त्या नाहीत ना? कायम." त्यांचा अंगठा पुढच्या कागदावर गेलासुद्धा होता.

तुम्ही हात वर केलात. पूर्ण नाही, कोपर टेबलावरच होतं.

"एक दुरुस्ती आहे. 'सर्वानुमते' चुकीचं आहे. मी हात वर केला नव्हता."

अध्यक्ष हसले. "पण ताई, तुम्ही विरोधही केला नव्हता."

"नाही केला. तेही लिहा."

बस. आवाज चढला नाही, माझं नाव आलं नाही, न्याय-अन्याय असला एकही शब्द नाही. माझ्याकडे तर तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. सहसचिव तो शब्द गिरवून गिरवून काळा करायला लागला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "खरडू नका. एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे." निरीक्षणाच्या वहीत चुकलेला आकडा खोडायची जी रीत तुम्ही आम्हा सगळ्यांना लावलीत, तीच.

त्यानंतरची शांतता मला आठवते. पंख्याची कटकट ऐकू येत होती. आणि मग खिडकीपाशी बसलेल्याचा हात वर गेला: "मीही नव्हता केला." मग आणखी एक. सहा जण हजर होते त्या सभेला, त्यातले तीन. सर्वानुमते राहूच दे, बहुमतही उरलं नव्हतं.

पुढे काय झालं, ठरावाचं काय झालं, कुणी राजीनामा दिला आणि कुणी मागे घेतला, हे मी इथे लिहीत बसत नाही. ज्यांना त्यात रस आहे त्यांना ते केव्हाच कळलेलं आहे, तिखटमीठ लावून. माझ्यासाठी सगळं त्या एका रेघेत झालं. लोक मला म्हणतात, ताईंनी तुझा बचाव केला. मला तसं वाटत नाही. बचाव करणारे खूप असतात, त्यात थोडी हौस असते, थोडं मिरवणं असतं. तुम्ही स्वतःची नोंद दुरुस्त केलीत. 'मी गप्प बसले होते' हे स्वतःच्या नावानं कायमच्या वहीत लिहून घेतलंत. 'तेही लिहा' म्हणायला काय लागतं ते मला विचारा. मी चार आठवडे दुसऱ्यांच्या गप्प बसण्याचे हिशेब मांडत होतो.

आणि माझ्या स्वतःच्या? तीन वर्षं सचिव म्हणून ती वही मीच लिहिली. घरी येऊन जुनी पानं चाळली. 'सर्वानुमते' माझ्या अक्षरात किती वेळा आहे ते मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं. एकदाही हात मोजल्याचं आठवत नाही. कुणी ओरडलं नाही की सर्वानुमते, असा सरळ हिशेब. दोन वर्षांपूर्वी वर्गणी वाढवली तेव्हा मागच्या रांगेतले विद्यार्थी खाली मान घालून बसले होते; लिहिलं सर्वानुमते. त्यातले दोघे नंतर आलेच नाहीत. का आले नाहीत, असं आम्ही एकमेकांना विचारत राहिलो, त्यांना कुणी विचारलं नाही. माझ्यावर हा शब्द उलटला तेव्हा तो मला टोचला. त्याआधी इतरांना टोचत असेल, हे मनातही आलं नव्हतं.

तुमच्याकडून असं काही होणार हे खरं तर मला आधीच ओळखता यायला हवं होतं. तुम्ही रूपविकारी तारे, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे, पाहता. तिमिंगल तारकासमूहातल्या मीरावर तुमच्या वह्यांच्या वह्या आहेत. सुमारे ३३२ दिवसांत तो तारा नुसत्या डोळ्यांना ठळक दिसण्यापासून दुर्बिणीशिवाय न सापडण्यापर्यंत जातो आणि परत येतो. १५९६ साली फॅब्रिशियसनं त्याची नोंद केली तेव्हापासून माणसं त्याच्यामागे आहेत. शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ठरवायची (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), एवढंच काम. पण त्यात सगळा मोह भरलेला असतो. काल चार होती, मग आज चारच्या आसपासच असणार. शेजारी चार पॉइंट दोन म्हणाला, मग आपणही तेच म्हणू. एका नव्या मुलाला तुम्ही म्हणाला होतात, "आकडा आभाळात बघ, कागदात बघू नकोस." ढग असले की तुमच्या वहीत 'ढग' एवढंच असतं. अंदाजानं भरलेली एकही ओळ मला कधी सापडली नाही.

नवशिक्यांना तुम्ही गॅलिलिओची ती गोष्ट सांगता. २८ डिसेंबर १६१२ ला गुरूकडे पाहताना त्यानं जवळचा एक ठिपका तारा म्हणून टिपून ठेवला. तो नेपच्यून होता. ग्रह म्हणून त्याचा शोध लागला थेट १८४६ मध्ये. काय पाहतोय हे त्याला कळलं नव्हतं, पण जे दिसलं ते दिसलं तिथेच मांडलं, म्हणून आज ती नोंद ओळखता येते. मी ही गोष्ट दहा वेळा ऐकली असेल आणि दर वेळी ती दुर्बिणीबद्दल आहे असंच समजलो.

भल्या माणसांबद्दल आपण बोलतो तेव्हा मोठ्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात: कुणी आगीत उडी घेतली, कुणी घर विकून मदत केली. पण रोजच्या जगण्यात असे प्रसंग किती येतात? येतात ते असले, कंटाळवाण्या सभेच्या पहिल्या तीन मिनिटांत, विषय क्रमांक एकमध्ये. तिथे भलेपणा दाखवून टाळ्या मिळत नाहीत, उलट 'कशाला उकरून काढता' म्हणून कपाळावर आठ्या पडतात. कदाचित म्हणूनच तो इतका कमी दिसतो. मला स्वतःला जमेल का, माहीत नाही. इतकं मात्र सुरू केलंय की सभेत आता हात मोजतो. लोक वैतागतात.

सभा संपल्यावर मी निघून जाणार होतो. तुम्ही जिन्यात अडवून म्हणालात, "वर ये, मीरा आलाय." गच्चीवर डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ आपण दोघं काही बोललो नाही. मग तुम्ही वही उघडलीत, लाल विजेरी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझा आकडा सांग. माझा आधी सांगत नाही." शेजारच्या डेल्टा सेटी या ताऱ्यापेक्षा मीरा किंचित मंद वाटला. मी म्हटलं, ४.२. तुमचा ४.४ होता. तुम्ही दोन्ही लिहिलेत, माझा माझ्या नावापुढे. माझ्या शब्दावर महिनाभर कुणी विश्वास ठेवला नव्हता ताई, आणि तुम्ही तो तुमच्या वहीत उतरवून घेत होतात. अंधार होता म्हणून बरं.

राजीनामा त्याच रात्री फाडला. विजेरी चुकून माझ्याच खिशात राहिली आहे. पुढच्या अमावास्येला आणतो. सेल नवे घातलेत.

तुमचा,
दाराजवळच्या खुर्चीवरचा