बंड्या, तुझं बरोबर होतं

फिनिक्स (अमेरिका), रविवार

प्रिय बंड्या,

दोन वर्षं पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील तर तो तुझा हक्कच आहे. माझी साखर आटोक्यात, बाकी ठीक.

काल जे पाहिलं ते तुलाच सांगायला हवं. इथून तीन-चार तासांवर व्हाइट माउंटन्सचे डोंगर आहेत. तिथल्या ओढ्यात अपाची ट्राउट नावाचा मासा दिसला. हळदुलं अंग, त्यावर काळे ठिपके, आणि बुबुळाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. काजळाची रेघ ओढल्यासारखा डोळा! मूळचा तो फक्त इथलाच. व्हाइट, ब्लॅक आणि लिटल कोलोरॅडो नद्यांच्या उगमाकडच्या गार पाण्यातला.

गळ टाकणाऱ्यांच्या हौसेसाठी लोकांनी बाहेरचे ट्राउट आणून सोडले. ब्राउनने पिल्लं खाल्ली, ब्रुकने जागा बळकावली, रेनबोशी तर संकरच झाला. इथल्या मूळच्या अपाची लोकांनी 1950च्या दशकातच आपल्या ओढ्यांवर मासेमारी बंद केली, म्हणून बियाणं उरलं. 1967 साली हा मासा धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला, तो सप्टेंबर 2024मध्ये बाहेर आला. एवढी वर्षं काय केलं, तर ओढ्यात आडवे बांध घातले, परके मासे वर चढू नयेत म्हणून, आणि वरचे होते ते काढले.

तो बांध बघत उभा होतो आणि तुमचा ओढा आठवला. मी घागरभर चिलापी ओतली होती तो. तीही बाहेरून आणलेली मासळीच. "गावाला खायला होतील" म्हणालो. तू घागर धरायला धावलास, "अरे, आपली खवली, शिंगटा संपेल!" मी हसलो. आठ दिवस अबोला. तो तू मोडलास आईच्या चकल्यांसाठी, हे मात्र कबूल कर!

तुझं बरोबर होतं. रात्रभर झोप नाही. इथे एका पुरात बांध फुटला तरी खालचा ब्राउन वर येईल, म्हणून माणसं राखण करतात. आपल्याकडे राखण करणारा तू एकटा होतास, आणि मी तुला हसलो.

लेकीच्या बारावीचं कळलं, तिला शाब्बासकी दे. काकूंना नमस्कार. दुकानाचं लिही.

आणि एक कर. मी घागर ओतली ती धबधब्याच्या खाली. तेवढी उंची चिलापीला चढवली नसेल. पाणी निवळलं की वरच्या डोहावर जा, मूठभर चुरमुरे टाक, आणि कोण वर येतं ते मला कळव.

तुझाच,
सुऱ्या