तटस्थची अनास्था कधी झाली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सोशल मार्केटिंगवरचा, म्हणजे समाजहिताच्या गोष्टी बाजारातल्या मालासारख्या लोकांपर्यंत पोचवण्यावरचा, लेख काल वाचला. लेखक व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक आहेत, व्यासंग दांडगा आहे, आणि मराठीही इतर प्राध्यापकांच्या मानाने बरी आहे. कोटलर आणि झाल्टमन या दोघा अमेरिकनांनी जुलै १९७१ च्या 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये लेख लिहिला आणि सोशल मार्केटिंगचा जन्म झाला, असे ते सांगतात. बारसे १९७१ ला झाले असेल, नाही म्हणत नाही. पण मूल त्याआधीच तीन वर्षे बार्शीत आमच्या दुकानात रांगत होते. निरोध, म्हणजे सरकारी कंडोम, बाजारात आला तो १९६८ साली. तीन नगांचे पाकीट, किंमत १५ पैसे. त्याची कल्पना कलकत्त्याच्या आयआयएममधल्या मंडळींनी १९६४ सालीच कागदावर मांडली होती. आधी 'कामराज' हे नाव सुचले होते आणि तेव्हाच्या काँग्रेस अध्यक्षांचेच नाव तेच निघाल्यामुळे ते बारगळले, ही गमतीची गोष्टही प्राध्यापकांना गाळावीशी वाटली.

पण ते जाऊ द्या. एवढ्यासाठी काही मी कागद खराब केला नसता. मला झोंबले ते तिसऱ्या रकान्यातले निरोधबद्दलचे वाक्य: 'किरकोळ विक्रेत्यांच्या अनास्थेमुळे ग्रामीण भागात योजनेला मर्यादित यश मिळाले.'

अनास्था!

आमचे किराणा दुकान भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. १९६८ साली मी सोळा वर्षांचा, संध्याकाळी गल्ल्यावर बसायचो. सरकारने हा माल विकायचे काम चहावाल्या ब्रुक बाँड आणि लिप्टनला, साबणवाल्या हिंदुस्तान लिव्हरला आणि टाटा ऑइल मिल्सला, बॅटरीच्या सेलवाल्या युनियन कार्बाइडला आणि सिगारेटवाल्या आयटीसीला दिले होते. चहा आणि सिगारेट जिथे पोचते तिथे हेही पोचेल, असा हिशेब. हिशेब चोख होता. आमच्याकडे चहाचा माल घेऊन येणारा माणूसच ती पाकिटे ठेवून जायचा. वडील माळकरी. पहिल्या खेपेला त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटेसुलटे केले, माझ्याकडे पाहिले आणि मला गूळ मोजायला आत पाठवले. पण माल परत केला नाही. पंधरा पैशांच्या वस्तूवर सुटून सुटून किती सुटणार? काडेपेटीचा धंदा त्याहून बरा. तरी चहाच्या डब्यांमागे ती पाकिटे कायम असत. फक्त एकादशीला, देवळाला गर्दी असे तेव्हा, वडील ती फळीवरून उचलून गल्ल्याखाली ठेवत आणि द्वादशीला परत वर.

गिऱ्हाईक नाव कधीच घेत नसे. 'ते द्या' म्हणायचे, किंवा चहाच्या डब्यांकडे नुसती मान हलवायचे. दुकानात दुसरे कोणी असले तर आधी मीठ मागायचे, मग जिरे, आणि दुकान रिकामे होईपर्यंत जिऱ्याचा भाव विचारत राहायचे. वडील न बोलता पाकीट रद्दीत गुंडाळून सामानात सरकवत. रद्दी बहुतेक तुमच्याच पेपरची असे, कारण पेपर आम्ही तेव्हापासून घेतो. प्राध्यापकांनी मार्केटिंगचे चार 'पी' सांगितले आहेत, वस्तू (प्रॉडक्ट), किंमत (प्राइस), वितरण (प्लेस) आणि प्रसिद्धी (प्रमोशन). रद्दीचा 'पी' कुठल्या खात्यात मांडायचा, ते त्यांनी कळवावे.

शाळकरी पोरे फुगे करायला मागायची. त्यांना वडील चार शिव्या आणि लिमलेटची एक गोळी द्यायचे. आता हीही अनास्थाच म्हणायची का?

एक गोष्ट सांगतो, जी मी एकदा एका संशोधकालाही सांगितली होती. एक बाई दर महिन्याला मुलाच्या हाती सामानाची यादी पाठवायच्या. तूरडाळ, साखर, खोबरेल तेल, असे सगळे सुवाच्य अक्षरात, आणि अगदी शेवटी, शब्दाऐवजी, एक छोटा उलटा त्रिकोण. पेन्सिलीने काढलेला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण तेव्हा भिंतीभिंतीवर होता, दवाखान्यावर होता, पाकिटावर होता. वडिलांनी पहिल्यांदा यादी पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सामान बांधले. पोराला कळले नाही, मलाही दोन-तीन महिन्यांनी कळले. त्या बाई दुकानात कधीही आल्या नाहीत. खाते मात्र आमच्याकडेच ठेवले, बदली होईपर्यंत. ती खूण मुळात ज्यांनी काढली त्या दीप त्यागींना हे कोणी सांगितले असते तर त्यांना किती बरे वाटले असते.

तो संशोधक वीसेक वर्षांपूर्वी आला होता. पीएच.डी. करत होता. गावात जुने दुकानदार कोण म्हणून विचारत आला, सकाळी दहाला बसला तो एक वाजता उठला. घरातून पोहे आले, दोनदा चहा झाला. त्याच्याजवळ छापील फॉर्म. 'दुकानात निरोध ठेवणे ही माझी सामाजिक जबाबदारी आहे, असे मला वाटते.' खाली पाच चौकोन: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. मी म्हणालो, दुकान तेव्हा वडिलांचे, हे त्यांना विचारायला हवे, आणि ते आता नाहीत. त्याने तटस्थवर खूण केली. मी म्हणालो, अहो, नाहीत म्हणजे वारले. तो म्हणाला, काका, त्यासाठी चौकोन नाही.

त्रिकोणाची गोष्ट त्याने ऐकली, 'वा' म्हणाला, आणि शेवटच्या पानावर 'इतर' लिहिले होते तिथे दोन शब्द खरडले. जाताना प्रबंधाची प्रत पाठवतो म्हणाला. ती अजून यायची आहे. आता तुमच्या लेखात विक्रेत्यांची अनास्था वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे तो तटस्थचा चौकोन आला. प्राध्यापकांनी निष्कर्ष कुठून घेतला ते लिहिलेले नाही, त्यामुळे मी आरोप करत नाही. शंका मात्र घेतो. तटस्थची अनास्था कधी झाली?

खप खाली आलेला मीही पाहिला आहे. पण तो कधी आला? आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, शिक्षक-ग्रामसेवकांना आकडे नेमून दिले होते, आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक सर्वात आधी मंजूर केले ते आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने. त्याला पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून आपण विसरलो. लोक त्रिकोण दिसला तरी वाट बदलत. ज्या खुणेवर विश्वास ठेवून एक बाई यादी पाठवत होत्या, तीच खूण पाहून गडी माणसे पायरी उतरायला लागली. वर आरोग्य केंद्रात तोच माल फुकट. पंधरा पैसे कोण देणार? यावर लेखात अवाक्षर नाही. चुकले कोण, तर दुकानदार.

पोलिओचेही तसेच. 'दो बूंद' हे शब्द अमिताभ बच्चनमुळे घराघरात गेले, कबूल. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हेही लेखात बरोबर आहे. पण डोस काही टीव्हीतून पडले नाहीत. माझी धाकटी बहीण आरोग्यसेविका होती. लसीची पेटी खांद्याला, पोरांच्या करंगळीला शाई, दारावर खडूने खुणा, आणि ज्या घरी 'आमच्या पोराला नको' म्हणत तिथे पुन्हा दुसऱ्या दिवशी. तिलाही कोणी फॉर्म घेऊन विचारायला आले नाही. आले असते तर तिने बहुधा हाकललेच असते, ती माझ्यासारखी मऊ नाही.

आता जाता जाता. आरोग्याचे मार्केटिंग कसे करावे हे शिकवणाऱ्या त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर, पूर्ण पान, रंगीत, पान मसाल्याच्या नावाची 'वेलची' आणि ती खाणारे सिनेनट! गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या घराण्याने साठ वर्षे वेलची विकली, तिला कधी नट लागला नाही. प्राध्यापकांनी पुढचा लेख या जाहिरातीवर लिहावा, उदाहरण शोधायला पान उलटण्याइतकेच कष्ट आहेत. आणि तुम्ही तो छापावा.

प्रबंध कोणाकडे असेल तर झेरॉक्सचे पैसे मी देईन. मला फक्त 'इतर'मध्ये काय लिहिले आहे ते पाहायचे आहे. पत्ता फॉर्मच्या पहिल्या पानावर आहे, माझ्याच हाताने लिहिलेला. बदललेला नाही.

आपला,
एक जुना दुकानदार व वर्गणीदार, बार्शी

ता. क. : रविवारची पुरवणी आमच्या गल्लीत सोमवारी पडते. पेपरवाल्या मुलाला विचारले तर तो वरूनच उशिरा येते म्हणतो. तेवढे वितरण पाहावे. मागच्या वेळी माझे पत्र निम्मे कापले होते, त्यातही हीच तक्रार होती.