रविवारची फेरी : नांदूर मध्यमेश्वर

सभासदांनो, रविवारी सकाळी साडेसहाला नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या चापडगावच्या प्रवेशद्वारापाशी जमायचं आहे. उशीर नको, ऊन चढलं की पक्षी आडोशाला जातात.

फाल्गुनात हिवाळी पाहुणे पक्षी परतीला लागतात, त्यामुळे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी) दिसले तर नशीब. पिवळा धोबी पक्षी मात्र निरखून बघा. थंडीभर मळकट असलेलं त्याचं पोट आता हळदीसारखं पिवळं होत जातं, डोकंही रंग धरतं. जांभळी पाणकोंबडी लांब बोटांत देठ धरून खाते, तेही चुकवू नका.

२०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेली ही जागा आहे. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज अजिबात वाजवू नका, विणीच्या तयारीतले पक्षी बिथरतात. भडक कपडे टाळा. टोपी, पाणी आणा. दुर्बीण नसली तरी या, मनोऱ्यावर आळीपाळीने बघू.