उजेड कोणत्या बाजूने यावा

जळगाव,
६ एप्रिल

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला पत्र लिहिले नाही, आणि फोनवर आपण जे बोललो ते निरोप देण्याघेण्यापुरतेच. आजही कदाचित लिहिले नसते. पण परवा संध्याकाळी ईश्वरीच्या खोलीत एक गोष्ट घडली आणि पहिली आठवण तुझ्या डाव्या कोपराची झाली. घरात कोणाला सांगितली असती तरी तिचे एवढे काय, असेच ते म्हणाले असते. तुला तसे वाटणार नाही. आम्ही सगळे बरे आहोत, सासूबाईंचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

जूनमध्ये ईश्वरी तिसरीत जाईल. तिच्या खोलीला अजून पाळण्याच्या दिवसांचीच कळा होती. भिंतीवर फुग्यांची चित्रे, दारामागे मुळाक्षरांचा तक्ता आणि कोपऱ्यात ते बुटके प्लॅस्टिकचे टेबल, ज्याखाली आता तिचे गुडघे मावत नव्हते. वार्षिक परीक्षेच्या आधी खोली नीट करायचीच असे ठरवून फेब्रुवारीपासून मी तिच्यामागे लागले होते. तू हसशील, पण लग्नाच्या याद्याही मी इतक्या मन लावून केल्या नव्हत्या.

पेंटरने पहिल्याच दिवशी भिंतीचा जुना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट कोरड्या पॉलिश पेपरने घासायला घेतला, तेव्हा मी त्याला थांबवले. घर जुने आहे. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसे असेल तर त्याची धूळ मुलांच्या पोटात जाणे फार वाईट, म्हणून भिंत पाण्याने भिजवून घासायला लावली, फरशी ओल्या फडक्याने तीन वेळा पुसून घेतली आणि ते आठ दिवस ईश्वरीला त्या खोलीत पाऊल टाकू दिले नाही. मग पुट्टी, प्रायमर आणि तिने स्वतः निवडलेला फिकट आंब्याचा रंग. खिडकी पश्चिमेची, आणि आपल्याकडचे वैशाखातले ऊन मी तुला काय सांगावे. खिडकीला वाळ्याचा पडदा केला आणि वर गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले.

टेबलखुर्चीसाठी मी तिची उंची मोजली. १२६ सेंटिमीटर. शाळेतल्या बाकांची जी युरोपीय मापे आहेत, त्यांत एवढ्या उंचीच्या मुलाला बैठक ३५ सेंटिमीटरवर आणि टेबल ५९ सेंटिमीटरवर सांगितले आहे. सुतार म्हणाला, "ताई, अडीच फूट करू, मोठी झाली तरी चालेल," पण मी ऐकले नाही. आज तिचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मोठी झाल्यावर पाय वाढवून घेता येतील असेच टेबल त्याच्याकडून करून घेतले. ते कुठे ठेवायचे याचा निर्णय तर एका क्षणात झाला. सासूबाईंचे म्हणणे होते की अभ्यास उत्तरेकडे तोंड करून करावा, आणि उत्तरेच्या भिंतीशी बसले की पश्चिमेची खिडकी बरोबर डाव्या हाताला येते. उजेड डावीकडून यावा, हे आपल्याला शाळेत घोकूनच घेतलेले. शास्त्र आणि सासूबाई यांचे एकमत झाले याचा मला इतका आनंद झाला की टेबल भिंतीला स्क्रूने पक्के करून टाकले आणि दक्षिणेच्या भिंतीला कपाट लावले.

परवा संध्याकाळी ती पहिल्यांदा तिथे लिहायला बसली. मी दारातून पाहत होते. थोड्या वेळाने ती खुर्चीत तिरकी झाली, मग वही तिरकी केली, मग उभी राहून लिहू लागली आणि शेवटी वही उचलून आजीच्या खोलीत जाऊन पालथी पडून लिहीत बसली. मी विचारले तर म्हणाली, "आई, तिथं माझ्या हाताची सावली माझ्याच अक्षरावर बसते."

वैशाली, ती डावखुरी आहे. हे मला माहीत नव्हते असे नाही. तिने पहिला घास डाव्या हाताने उचलला त्या दिवसापासून माहीत आहे, आणि तो हात बदलायचा नाही म्हणून मी सासूबाईंशी वर्षभर वाद घातला आहे. शिशाचा विचार केला, उन्हाचा केला, सेंटिमीटर मोजले. पण ज्या हाताने माझी मुलगी लिहिते तो हात मला त्या खोलीत दिसलाच नाही. सातआठ वर्षे तुझ्याशेजारी बसूनही दिसला नाही, हे मला जास्त लागले.

पाचवीत आपण बाकावर कर्कटकाने रेघ ओढली होती, ती तुला आठवत असेल. तुझे कोपर माझ्या वहीवर येते म्हणून मी गुरुजींकडे तक्रार केली, आणि त्यांनी तुला दोन महिने उजव्या हाताने लिहायला लावले. त्या दोन महिन्यांतली तुझी शुद्धलेखनाची वही मी पाहिली होती. इतके सुंदर अक्षर असलेल्या मुलीची ती वही. तू माझ्याशी बोलणे टाकलेस ते थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत, आपल्या आखाजीच्या झोक्यापर्यंत. सहावीत तू बाकाच्या डाव्या टोकाला बसलीस, तुझे कोपर मोकळ्या बाजूला गेले आणि भांडणाचे कारणच उरले नाही. दोघींनी जागा बदलायची होती, एवढेच. ते आपल्याला वर्षभर का सुचले नाही आणि मला आधी तक्रारच का सुचली, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्याबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. आज मागते.

आता पुढचे सांग. टेबल खिडकीसमोर ठेवले तर दुपारनंतर पश्चिमेचे ऊन थेट डोळ्यांत येईल. नुसता दिवा उजवीकडे लावला तर रात्रीचे भागेल, दिवसाचे नाही. म्हणजे कपाट उत्तरेला आणि टेबल दक्षिणेच्या भिंतीशी, एवढाच मार्ग दिसतो. पण मग तिचे तोंड दक्षिणेकडे होते, आणि हे सासूबाईंपुढे काढायचे कसे म्हणून मी गप्पच होते. काल जेवताना ईश्वरीनेच सावलीची गोष्ट त्यांना सांगितली. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोर डावरी शे, मंग टेबल बी डावरंच पाहिजे." मला ताटावरून उठून त्यांच्या पाया पडावेसे वाटले.

सुतार सोमवारी येणार आहे. भिंतीतली भोके बुजवून रंगाचा हात पुन्हा द्यावा लागेल, त्याचे काही नाही. त्याआधी मला तुझ्याकडून हवे आहे ते हे, की वही किती तिरकी ठेवलीस म्हणजे तुझी लिहिलेली ओळ तळव्याखाली पुसत नसे? डावा वरचा कोपरा उंच येईल अशी वही फिरवावी, एवढे मी ईश्वरीला सांगितले आहे. पण ते सांगण्याचा अधिकार तुझा आहे. ईश्वरीच्या तळव्याची कड रोज पेन्सिलीने काळी होते, तुझी शाईने निळी व्हायची तशीच.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिरंजीवांचे दहावीचे पेपर बरे गेले असतील. मामंजींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळले, त्यांना नमस्कार सांग.

आखाजीला माहेरी येशील तेव्हा दोन दिवस इकडे काढ. पाळण्याची कडी मी छतातून काढू दिलेली नाही, तिला ईश्वरी झोका बांधणार आहे. आणि तू त्या टेबलाशी बसून एक पानभर लिहून दाखव. खुर्ची तुला बुटकी होईल, पण उजेड बरोबर येतो की नाही हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

तुझीच,
मनीषा

ता. क. डावखुऱ्या मुलांची कात्री तुमच्याकडे मिळत असेल तर येताना एक आण. इथे तीन दुकाने पालथी घातली, मिळाली नाही.