क्रिकेटच्या नावाने बोटं मोडणं बंद करा, २०२५ मध्ये फुटबॉलची वाट फुटबॉलवाल्यांनीच लावली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरातला वर्षाखेरीचा क्रीडा आढावा वाचला. फुटबॉलच्या वाट्याला मेस्सीचा एक मोठा फोटो आणि खाली चार-पाच ओळी. जागा कमी दिली ते एकवेळ चालवून घेऊ, सवय आहे आम्हाला. पण शेवटी जे लिहिलंय ना, की क्रिकेटवेड्या देशात फुटबॉल रुजणं अवघडच, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. दरवेळी हेच ऐकतोय आणि निदान २०२५ पुरतं तरी ते साफ खोटं आहे. या वर्षी क्रिकेटने फुटबॉलचं काहीही वाकडं केलेलं नाही.

झालं काय ते सांगतो. डिसेंबर २०१० मध्ये फेडरेशनने म्हणजे देशाचा फुटबॉल चालवणाऱ्या एआयएफएफने व्यावसायिक हक्कांचा करार केला, १५ वर्षांचा. पुढे त्याच करारावर आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात मोठी लीग, उभी राहिली आणि फेडरेशनला वर्षाला ५० कोटींच्या आसपास मिळायला लागले. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेलं. भाड्याच्या घरात राहणारा माणूससुद्धा करार संपायच्या चार महिने आधी मालकाला फोन करतो. इथं पंधरा वर्षं हातात होती आणि गाडी शेवटच्या वर्षात अडकली, कारण फेडरेशनच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, केस २०१७ पासून कोर्टात आणि एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निकाल लागेपर्यंत नवीन करार करायचा नाही. मग ११ जुलैला हे हक्क घेतलेल्या आयोजकांनी आयएसएल थांबवली असं कळवून टाकलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवले. अकरा क्लबांनी फेडरेशनला पत्र लिहिलं की असंच चाललं तर आम्हाला कुलूप लावावं लागेल. सप्टेंबरमध्ये घटना मंजूर झाली, ऑक्टोबरमध्ये टेंडर निघालं, वर्षाला किमान साडेसदतीस कोटी वगैरे अटी घालून, आणि ७ नोव्हेंबरची मुदत संपली तेव्हा टेंडर भरलं किती जणांनी? एकानेही नाही!

गंमत बघा, त्याच मोसमाचा सुपर कप, ही क्लबांचीच वेगळी स्पर्धा, गोव्यात झाला आणि फायनल होती ७ डिसेंबरला. एफसी गोवा आणि ईस्ट बंगाल, मॅच ०-०, पेनल्टीवर गोवा ६-५ ने जिंकलं, फातोर्ड्यात जल्लोष. आणि दुसऱ्याच दिवशी करार संपला. २०२५ चा डिसेंबर संपत आला तरी लीगचा पत्ता नव्हता. वर्ष संपता संपता मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं, म्हणजे ज्यांच्या काळात मुंबईने दोनदा शिल्ड (साखळीत पहिला नंबर) आणि दोनदा कप (आयएसएलची फायनल) जिंकला तेच निघून गेले. ही बातमी तरी आपल्याकडे, मुंबईच्या टीमची म्हणून, पहिल्या पानावर यायला हवी होती की नाही सांगा.

आता कोणी म्हणेल की भारताची पुरुषांची टीम हरली ती लीग नव्हती म्हणून. थोडं खरं आहे, पूर्ण नाही. एशियन कप क्वालिफायरमध्ये पाच मॅचमध्ये दोन पॉइंट आणि गोल पण दोनच, आणि यातल्या पहिल्या दोन मॅच तर भरलेल्या मोसमाच्या वेळच्या आहेत. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगला काई टाक स्टेडियमवर आशिक कुरुनियनने पहिल्या हाफमध्ये सोपा चान्स घालवला आणि इंज्युरी टाइममध्ये बॉल काढायला बाहेर आलेल्या गोलकीपर विशाल कैथने समोरच्याला पाडलं, पेनल्टी, ०-१, खेळ खल्लास. तेव्हा कोच होते मानोलो मार्केझ आणि हे साहेब त्या मोसमात एफसी गोव्याचेही कोच होते! देशाची टीम साइड बिझनेससारखी चालवायची परवानगी दिली कोणी? आणि गोल कोण करणार याचं उत्तर सापडेना म्हणून २०२४ मध्ये निरोप घेतलेल्या सुनील छेत्रीला मार्चमध्ये परत बोलवावं लागलं. चाळिशीतला माणूस, त्या मोसमात आयएसएलमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त १४ गोल त्याचेच. त्याचं कौतुक करावं की बाकीच्यांची कीव करावी कळत नाही, कारण क्लबांनी नंबर नऊची, म्हणजे मुख्य गोल करणाऱ्याची, जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूलाच दिली की आपला पोरगा विंगवर नाहीतर बेंचवर.

ऑगस्टमध्ये कोच म्हणून खालिद जमील आले. मुंबईत महिंद्रा, एअर इंडियाकडून खेळलेला, २०१७ ला आयझॉल क्लबला आय-लीग (आयएसएलखेरीजची राष्ट्रीय लीग) जिंकून देणारा माणूस. टीम घेऊन काफा नेशन्स कपला ताजिकिस्तानात गेले, मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत तरी यजमानांना २-१ हरवलं, आणि तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये ओमानला पेनल्टीवर पाडलं. वाटलं, आता जमतंय. पण त्यानंतर खेळाडूंना खेळायला लीगच नव्हती. सिंगापूरला जाऊन १-१, झिंगन रेड कार्ड घेऊन बाहेर आणि रहीम अलीने ९० व्या मिनिटाला बरोबरी केली. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात छांगतेने लांबून काय सुंदर गोल मारला! पण सिंगापूरच्या साँग उई-याँगने हाफटाइमच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन घातले, घरच्या मैदानावर १-२ आणि २०२७ च्या एशियन कपमधून बाहेर. चोवीस टीमची स्पर्धा आहे ती, चोवीस! आणि १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १-० हरवलं, २००३ नंतर पहिल्यांदा. दुसऱ्या हाफमध्ये आपल्या पोरांचे पाय जड झालेले टीव्हीवरसुद्धा दिसत होते, मॅच प्रॅक्टिस नसेल तर दुसरं काय होणार. जुलै २०२३ मध्ये फिफा रँकिंगमध्ये ९९ वर होतो, २०२५ संपताना १४२.

आय-लीगचं तर विचारूच नका. एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला चॅम्पियन म्हणून ट्रॉफी दिली, वाद गेला स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे आणि जुलैमध्ये तिथून निकाल आला की चॅम्पियन इंटर काशी. मॅच गोव्यात-बंगालमध्ये खेळायच्या आणि विजेता लोझानमध्ये ठरणार.

या सगळ्या राड्यात एक गोष्ट झाली जी तुमच्या आढाव्यात एका ओळीनेही नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. ५ जुलै, चियांग माई. महिला एशियन कपची क्वालिफायर, शेवटची मॅच थायलंडशी, दोघींचे पॉइंट सारखे, जिंकेल ती जाईल. थायलंड म्हणजे दोन वर्ल्ड कप खेळलेली टीम, रँकिंगमध्ये आपल्यापेक्षा वीसेक जागा वर, घरचं मैदान, आणि आपण त्यांना आधी कधीच हरवलेलं नाही. संगीता बासफोरने पहिल्या हाफमध्ये लांबून गोल मारला, ब्रेकनंतर लगेच थायलंडने फेडला, तिथून आपल्या टीम कोसळतात हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की मी मनाची तयारी केली होती. पण ७४ व्या मिनिटाला परत संगीताच! २-१. क्वालिफायर खेळून भारतीय महिला एशियन कपला जायची ही पहिलीच वेळ. आधीच्या मॅचमध्ये मंगोलियाला १३-० केलं होतं ते वेगळंच. कोच क्रिस्पिन छेत्री, आपलाच माणूस. मागोमाग मुलींच्या अंडर-२० आणि अंडर-१७ टीमही आपापल्या एशियन कपला पोचल्या. आणि मुलांच्या अंडर-१७ ने ३० नोव्हेंबरला अहमदाबादला इराणला २-१ हरवून तिकीट काढलं. इराणला हो! ढाक्याच्या पराभवाला दोन आठवडेही झाले नव्हते.

उलट डिसेंबरमध्ये मेस्सी भारतात तीन दिवस फिरून गेला त्याची किती पानं आली. कोलकात्याला सॉल्ट लेकवर हजारोंची तिकिटं काढलेल्या लोकांना नेत्यांच्या आणि व्हीआयपींच्या घोळक्यामुळे तो धड दिसलाही नाही, मग बाटल्या काय, खुर्च्या काय, सगळं मैदानात. वानखेडेवर नीट पार पडलं, सचिन आला, छेत्रीही आला, बरं वाटलं. मी मेस्सीचा फॅनच आहे, पण एका मॅचमध्ये एक किकसुद्धा न मारता गेलेल्या माणसासाठी एवढा पैसा उभा राहतो आणि लीगच्या टेंडरला एक माणूस येत नाही, हे पचायला जड जातं.

आणि लोकांना फुटबॉल नको असतो म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या कोल्हापुरात यावं. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या आमच्या टीम समोरासमोर असल्या की शाहू स्टेडियमवर उभं राहायला जागा नसते, पेठापेठांत आठवडाभर आधीपासून वाद चालू असतात, आणि याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. प्रेक्षक आहेत, पोरं आहेत. पोरांना वरच्या लेव्हलला जाऊन खेळायला चालू असलेली लीग पाहिजे, एवढंच.

तर संपादक साहेब, मागणी छोटीशी आहे. मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात महिलांचा एशियन कप आहे, आपल्या ग्रुपमध्ये जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. मॅचच्या आदल्या दिवशी भारतीय वेळ आणि कुठल्या चॅनेलवर दिसणार ते छापा, दुसऱ्या दिवशी गोल कोणी केले ते छापा. जपानकडून मार पडला तरी छापा. आणि लीगचं काय झालं हे दर आठवड्याला फेडरेशनला विचारत राहा.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉलवेडा वाचक