चांदोलीत वाघच पाहायला जायचे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताडोब्यातून वाघीण आणून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडली, तेव्हापासून आमच्या शिराळा भागात या प्रकल्पातल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानाची चौकशी करणारे वाढले आहेत. आनंदच आहे. पण परतणाऱ्यांच्या तोंडी एकच तक्रार असते : ‘एवढे फिरलो, वाघ काही दिसला नाही.’

तो सहजी दिसणारही नाही. ताडोब्याचे जंगल पानगळीचे. उन्हाळ्यात झाडोरा विरळ होतो, पाणवठे आटतात, जनावर उरलेल्या पाण्यावर येते. चांदोलीचा बराच भाग सदाहरित आणि निमसदाहरित. अंजनी, जांभूळ, पिसा भर वैशाखातही हिरवे असतात, खाली कारवीची दाटी, आणि वारणेवरच्या वसंतसागर जलाशयामुळे पाण्याला तोटा नाही. इथे दहा हातांवर उभा असलेला गवासुद्धा फुसकारल्याशिवाय कळत नाही.

मग पाहायचे काय? फुलायला आलेल्या अंजनीपाशी गाडी थांबवायला सांगा. तिची फुले शेंड्याला येत नाहीत. पाने झडलेल्या जून फांदीवरच गुच्छ फुटतात, निळीजांभळी, चार पाकळ्यांची, नखापेक्षाही लहान फुले. फांदीला निळी लोकर गुंडाळल्यासारखी दिसते. वर पाहिलेत तर शेकरू दिसेल. हा आपला राज्यप्राणी जमिनीवर फारसा उतरत नाही, या फांदीवरून त्या फांदीवर जातो. झाडांचे छत मध्येच तुटले की त्याची वाटच तुटते. पुढे अस्वल, भेकर, रानकुत्री आहेत आणि नशीब असेल तर सशाएवढे पिसोरी हरीणही.

झोळंबीच्या सड्याबद्दल मात्र कळकळीने लिहावेसे वाटते. जांभ्या दगडाच्या या पठाराला लोक ‘ओसाड माळ’ म्हणतात. पावसात त्यावर बोटभर मातीत सीतेची आसवे आणि दवबिंदू उगवतात. या मातीत कस नसतो, म्हणून दोन्ही वनस्पती कीटक खातात. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब किड्याला धरून ठेवतात, तर सीतेची आसवे जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत जीव ओढून घेते. अशा मातीवरून एक गाडी गेली तरी चाकोरी वर्षानुवर्षे बुजत नाही. पावसाळ्यात उद्यान पर्यटकांना बंद असते, ते तसेच राहावे. ‘फुलांच्या हंगामात तरी उघडा’ ही मागणी कोणी केलीच, तर आपल्या वृत्तपत्राने तिला पाठिंबा देऊ नये.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा. वारशाचा तो मान या झाडांमुळे आणि सड्यांमुळेही मिळाला आहे. इथले पाणी वारणेतून हरिपूरला कृष्णेला मिळते. त्यावर ऊस पिकवणाऱ्या आपणा सर्वांना हे जंगल ओळखता यायला हवे.

धरणासाठी आणि उद्यानासाठी इथली गावे उठली. त्यांच्या जुन्या शेतांत आज गवत वाढते, त्यावर गवे आणि सांबर चरतात. ज्या घरांनी ती शेते सोडली, त्यांच्या मुलांना वाटाडे म्हणून आधी संधी द्यावी. कोणत्या ओढ्याला कधी पाणी येते, हिरडा कुठे दाट आहे, हे त्यांच्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. ती माणसे आहेत तोवर हे सगळे विचारून लिहून ठेवले पाहिजे. आपल्या रविवारच्या पुरवणीत वाघाच्या बातम्यांशेजारी या झाडांना आणि या माणसांना महिन्यातून एकदा तरी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शिराळा (जि. सांगली)