तारणाचा निवाडा आपण करायचा नाही

मा. संपादक,

ख्रिस्तावर विश्वास न ठेवता मेलेला माणूस कितीही भला असो, त्याला तारण, म्हणजे पापातून सुटका आणि देवाजवळ जागा, नाही आणि हीच देवाची इच्छा, असं ठासून सांगणारं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं. मी कॅथलिक आहे. माहेर सावंतवाडीकडचं, शिक्षण मराठी शाळेत, लग्न झाल्यापासून म्हापशात. ते पत्र वाचलं आणि आईची आठवण झाली.

आईचं पहिलं मूल जन्मल्यावर दोन तासांत गेलं. पाद्री पोचेपर्यंत उशीर झाला. अशा वेळी कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो, पण सुईणीला ते माहीत नव्हतं. बाप्तिस्मा नाही म्हणून बाळाला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आतल्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की आई एक मेणबत्ती बाहेर भिंतीपाशी लावायची. आम्ही विचारलं तर उत्तर देत नसे.

ही भिंत फार जुनी आहे. पाचव्या शतकात पेलाजियस नावाचा ख्रिस्ती उपदेशक म्हणत होता की माणूस स्वतःच्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो. संत ऑगस्टीन म्हणाले, देवाच्या कृपेशिवाय काहीच नाही. इथे मी ऑगस्टीनच्या बाजूची. पण त्याच ओघात त्यांनी बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांनाही, सौम्य का होईना, शिक्षा सांगितली. ते कठोर वाटून पुढच्यांनी ‘लिंबो’ कल्पिला : ना स्वर्ग, ना यातना. तो कधी श्रद्धासिद्धांत झाला नाही, तरी आमच्या घरी तो सिद्धांतासारखाच जगला. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने सांगितलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आई त्याआधीच गेली होती.

पत्रलेखक ‘देवाची इच्छा’ म्हणतात, तिथेच खरा पेच आहे. बायबलमध्ये संत पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की सर्वांचं तारण व्हावं, अशी देवाची इच्छा आहे. मग तारण सर्वांचं का होत नाही? प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या अनुयायांनी म्हटलं, देवाने निवडलेलेच तरतात. माणूस कृपा नाकारू शकतो, असं म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या शिष्यांना हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये चुकीचं ठरवलं. आमच्या कॅथलिकांकडेही जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन धर्मसंघ याच प्रश्नावर इतके भांडले की १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी दोघांनाही एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली आणि निर्णय पुढे देऊ म्हणून सांगितलं. तो निर्णय आजवर आलेला नाही. मोठमोठ्या पंडितांना जे सुटलं नाही, ते दोन वचनांत सुटल्यासारखं कुणी लिहू नये.

येशूच मार्ग, हे योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं वचन मीही मानते. पण ज्यांना आपला दोष नसताना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, कळली नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, हे आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. माझ्या शेजारणीने माझ्या बाळंतपणात दीड महिना माझं घर सांभाळलं. रोज तुळशीला पाणी घालून ती माझ्याकडे यायची. तिच्याबद्दल निकाल देणारी मी कोण?

ज्यांचं पवित्र शरीर आपल्या जुन्या गोव्यात आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५५२ साली जपानबद्दल लिहिलेलं एक पत्र आहे. नवे ख्रिस्ती त्यांना विचारत, आमचे मेलेले आईबाप नरकातून सुटतील का? त्यांच्या काळच्या शिकवणीप्रमाणे झेवियर ‘नाही’ म्हणत. ते लोक रडत. त्यांचं रडणं पाहून आपल्यालाही अश्रू आवरणं कठीण जातं, असं झेवियर स्वतः लिहितात. आपल्या वाचकाच्या पत्रात मला ते अश्रू कुठे दिसले नाहीत.

— एक वाचक, म्हापसा